मोजणीबाई आणि गवतातले उंदीर

उंदीर मारणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. उंदीर मोजणारी बाई पाहिलीत का कधी? नसेलच. आमच्याकडे होती. राखीव रानाच्या फाटकावर जाऊन कुणालाही विचारा, "मोजणीबाई कुठं भेटतील?" लगेच रस्ता दाखवतील. बाईंचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. बाकी साऱ्यांना, अगदी त्यांच्या नवऱ्यालासुद्धा, त्या मोजणीबाईच.

काम ऐकायला सोपं वाटतं. रानाचे पाच पट्टे ठरवलेले: दाट झाडीचा, झुडपांचा, ओढ्याकाठचा, खडकाळ चढाचा आणि गवताचा. प्रत्येक पट्ट्यात दहा-दहा पावलांवर एक अशा पन्नास खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीशी पत्र्याचा एक सापळा. जीव न घेणारा. संध्याकाळी त्यात शेंगदाण्याच्या कुटाची गोळी ठेवायची, आतल्याला थंडी वाजू नये म्हणून बोटभर कापूस घालायचा, आणि पहाटे जाऊन बघायचं, दार पडलंय का. पडलं असेल तर आतला पाहुणा कापडी पिशवीत घ्यायचा, काट्याला लटकवून तोलायचा, नर की मादी ते बघायचं, पाठीवरचे चार केस कातरून खूण करायची, म्हणजे उद्या तोच महाशय फुकटच्या खाण्याला चटावून परत आला तरी दोनदा मोजला जात नाही. मग ज्या खुंटीशी सापडला तिथंच त्याला सोडायचं. प्रत्येक पट्ट्यात सलग पाच पहाटा, वर्षातून दोनदा. अशी एकोणतीस वर्षं. करून बघा म्हणावं कुणी!

लोक हसायचेच. "डोंगर पोखरून उंदीर काढतात, तुम्ही तर डोंगर न पोखरताच काढता," असं फाटकावरचा पहारेकरी म्हणायचा. मोजणीबाईंना राग यायचा नाही. त्या म्हणायच्या, "अरे बाबा, घुबड काय खातं? कोल्हा काय खातो? साप काय हवा खाऊन जगतो? उंदीर किती ते कळलं की बाकीच्यांचं काय चाललंय ते आपोआप कळतं." आणि हे त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. शाळा सातवीत सुटलेली. सापळा नुसता हातात उचलला की दार न उघडता सांगायच्या, आत चिचुंद्री आहे की उंदीर, आणि पोटुशी आहे की काय तेसुद्धा. दोन्ही हातांच्या बोटांवर चावे इतके, की एकदा दवाखान्यातली नर्स घाबरली होती.

पण त्यांची खरी ख्याती वेगळीच. ती वही! अंदाजानं एक आकडा त्या वहीत कधी पडला नाही. एकदा तापानं फणफणल्या होत्या, त्या दिवशीच्या पानावर लिहिलंय, "गेले नाही. आजारी." दुसरा कुणी असता तर कालचेच आकडे थोडे इकडेतिकडे करून मोकळा झाला असता. आणखी एकदा वरून कुणी बडे पाहुणे आले होते. झाडीच्या पट्ट्यात सत्त्याण्णव निघाले, तर ते म्हणाले, "अहो, शंभर लिहा ना, बरं दिसतं." बाई म्हणाल्या, "लिहिते की. तीन उंदीर तुम्ही धरून आणा." राखीव रानाच्या साहेबांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं म्हणतात.

दुसरी ख्याती स्वच्छतेची. त्यांच्या घरी गेलात तर ओट्यावरचं पातेलं उचलून त्यात भांग पाडता येईल. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, बाहेरच्याच खोलीत खिडकीशी टेबल टाकून, डोळ्याला भिंग लावून. ते भेटेल त्याला सांगायचे, "एके ठिकाणी जास्त वेळ बसायची भीती वाटते हो. ही मलासुद्धा घासून उपडा घालायची."

तर झालं असं, की चार वर्षांपूर्वी गवताच्या पट्ट्याला लागून असलेल्या कामाच्या खोलीत नळ आला. तोवर पाणी नव्हतंच तिकडे. सापळे कोरड्या ब्रशनं झटकायचे नि परत लावायचे. बाकीच्या चार पट्ट्यांत अजूनही तसंच, कारण पन्नास सापळे डोंगरावरून खाली आणून धुवायचे आणि परत चढवायचे म्हणजे जिवाची दैना. पण गवताचा पट्टा तर दाराशीच! नळ आला नि मोजणीबाईंचा आनंद गगनात मावेना. कामाच्या नियमांच्या कागदावर एक ओळ होती, "सापळे स्वच्छ ठेवावेत". ती ओळ त्यांच्याइतकी मनावर कुणीच घेतली नसेल.

आणि त्याच चार वर्षांत गवतातले उंदीर कमी होत गेले. आधी वर्षाला साठ-सत्तर निघायचे. मग त्रेचाळीस. मग एकतीस. मग सोळा. गेल्या वर्षी दोन्ही वेळचे मिळून पाच. नुसते पाच! बाकीच्या पट्ट्यांत सगळं जिथल्या तिथं. शहरातून वर्षातून दोनदा येणाऱ्या संशोधक बाईंनी (मोजणीबाई त्यांना मॅडम म्हणायच्या, त्या यांना मावशी) त्या आकड्यांवर मोठा लेख लिहिला. गवताळ रान ओस पडतंय, असा. लेख छापून आला, नावाजला गेला. आणि त्याच्यावर बोट ठेवून वरच्या कार्यालयानं ठरवलं, की जिथं काही राहतच नाही ती जागा अशी पडीक कशाला ठेवायची? झाडं लावा. यंत्रानं खड्डे खणा, दहा हजार रोपं लावा, गवताचंही रान होऊन जाऊ दे. खड्ड्यांच्या जागांवर चुन्याचे ठिपकेसुद्धा मारून झाले. सोमवारी यंत्र येणार होतं.

मोजणीबाईंना ते ठिपके बघून कसंसंच व्हायचं. पण बोलणार काय? आकडे त्यांचेच, अक्षर त्यांचंच. त्यांच्या निवृत्तीला पंधरा दिवस राहिले होते आणि गवताच्या पट्ट्यातली ही शेवटची मोजणी चालू होती.

पहिल्या पहाटे पन्नासातले एकोणपन्नास सापळे रिकामे. सतराव्या खुंटीशी मात्र दार पडलेलं. आत एक गवती उंदरीण, नऊ ग्रॅमची, म्हणजे दोन सुपाऱ्याही जड होतील. बाईंनी तोलली, खूण केली, सोडली. दुसऱ्या पहाटेही तेच, सतरावा पडलेला नि बाकी सगळे उघडे. पण आतला उंदीर वेगळा, पाठीवर खूण नसलेला. तिसऱ्या पहाटे पुन्हा सतरावा, पुन्हा नवाच पाहुणा.

"ही काय भानगड आहे?" बाई स्वतःशीच म्हणाल्या. आधी वाटलं, सतराव्या खुंटीपाशी बीळ असेल. दुसरा कुणी असता तर एवढ्यावर समाधान मानून घरी गेला असता. यांनी काय केलं, तर तो सापळा उचलून पट्ट्याच्या पार दुसऱ्या टोकाला बेचाळीसाव्या खुंटीशी लावला, आणि बेचाळीसचा आणून सतराव्याला. चौथ्या पहाटे सतरावी खुंटी रिकामी. बेचाळीसाव्याला दार पडलेलं.

म्हणजे गुण जागेचा नव्हताच. सापळ्याचा होता.

बाई कामाच्या खोलीच्या पायरीवर बसल्या. तो सापळा पुढ्यात, शेजारी दुसरा एक. काय बरं फरक? दोन्ही एकाच घडणीचे. याची बिजागरी तेवढी गंजून मोडायला आलेली. पाण्यात घातली तर उरलीसुरली जाईल म्हणून गेल्या मोजणीपासून त्यांनी तो धुतलाच नव्हता, तारेनं बांधून तसाच वापरत होत्या... बाईंनी तो नाकाशी नेला. उंदराचा तो उग्र, आंबूस वास. मग दुसरा नाकाशी नेला. लिंबाचा वास. भांडी घासायच्या साबणाचा, ताजा, छान, घमघमाट सुटलेला.

बाईंनी दोन्ही सापळे पुन्हा एकदा हुंगले.

उंदराला डोळे ते किती! त्याचं सगळं जग नाकात. आपल्या जातीतलं कुणी आत जाऊन सुखरूप आलंय, हे त्याला वासावरून कळतं तेव्हा कुठं तो पाऊल टाकतो. लिंबाच्या घमघमाटात कोण शिरेल? बाईंनी वही काढली नि मागची पानं उलटली. पहिल्या वर्षी त्यांनी मोजणी संपल्यावर सापळे नुसते पाण्यानं धुतले होते: त्रेचाळीस. दुसऱ्या वर्षी साबणाची वडी आणली: एकतीस. तिसऱ्या वर्षी रोज सकाळी धुवायला लागल्या: सोळा. मग लेकीनं शहरातून तो लिंबाच्या वासाचा पातळ साबण आणून दिला, "आई, यानं हात खराब होत नाहीत." पाच.

आकडे उंदरांचे नव्हतेच. बाईंच्या साबणाचे होते. अति तिथं माती म्हणतात ती ही अशी.

त्या दिवशी दुपारी बाईंनी ताटातला भात नुसताच चिवडला. यजमानांनी भिंग कपाळावर सरकवून विचारलं, "काय झालं गं? उंदीर चावला का?"

बाईंनी सगळं सांगितलं. यजमानांनी बोटानं ताटावर दोन रेघा मारल्या. मग म्हणाले, "हे बघ, तुला ठाऊक आहे नि मला ठाऊक आहे. तिसऱ्याला नाही. पंधरा दिवस राहिलेत. ताठ मानेनं बाहेर पड. आता तोंड उघडलंस तर चार वर्षं पाण्यात, त्या मॅडमचा लेख पाण्यात, आणि लोक म्हणतील, मोजणीबाईला मोजायलाच येत नव्हतं."

"आणि गवत?"

"गवताचं काय?"

"अहो, आहेत ते तिथं! शेकड्यानं असतील. सोमवारी यंत्र येतंय, बिळांसकट उलथून टाकणार. माझ्या अक्षरामुळे."

"तुझ्या अक्षरामुळे कशाला? लेख त्यांनी लिहिला, ठरवलं वरच्यांनी..."

"अहो, एक सांगा," बाई म्हणाल्या. "घड्याळ पंधरा मिनिटं मागं चालतंय हे तुम्हाला कळलं, नि गिऱ्हाईक दारात उभं आहे. द्याल तसंच हातात?"

यजमानांनी उठून हात धुतले, खुंटीवरचा सदरा घातला आणि म्हणाले, "चल. मी फाटकापर्यंत येतो."

काय म्हणावं या माणसांना! मला तर दोघांचंही कौतुक वाटतं. एकोणतीस वर्षांचं नाव एका वाक्यात घालवायला निघालेली ती, आणि तिला सोडायला पायात चपला अडकवणारा तो.

साहेबांच्या खोलीत मॅडमही होत्या. झाडं लावण्याच्या कामासाठीच आल्या होत्या. टेबलावर नकाशा पसरलेला. साहेब हसतमुखानं म्हणाले, "या मावशी, अगदी वेळेवर! तुमच्या सत्काराचंच चाललं होतं. पितळी पाटी करून घेतलीय. 'एकोणतीस वर्षं बिनचूक' असं कोरून झालंय त्यावर."

"ते खोडायला सांगा," बाई म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही सापळे टेबलावर ठेवले. "साहेब, मॅडम, दोघंही जरा वास घ्या." साहेबांना आधी काही कळेना, पण त्यांनी घेतला. आणि मग बाईंनी नळापासून लिंबापर्यंत सगळं सांगितलं, एक शब्द इकडे नाही नि तिकडे नाही.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "मावशी, चार वर्षं? माझा अख्खा लेख या आकड्यांवर उभा आहे. मी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला."

"ठेवलात ना. म्हणून तर आले. दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेलं बरं."

"एवढी वर्षं काम करून वासाचं लक्षात येऊ नये?"

"नाही आलं," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे. तुमची एवढीच, की तुम्ही वही बघितलीत, सापळा कधी बघितला नाहीत."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "मावशी, रागावू नका, पण विचारतो. तुमचा त्या गवतावर जीव. आता शेवटच्या क्षणी ते वाचवायला काढलेली ही युक्ती तर नव्हे?"

"अहो साहेब, स्वतःच्या तोंडाला काळं फासून युक्ती करतं का कुणी?"

साहेबांनी टेबलावरचा नकाशा बाजूला सारला. मग म्हणाले, "वर सांगायचं तर हातात काहीतरी हवं. नुसत्या वासावर यंत्र थांबत नसतं. सोमवार सकाळपर्यंत वेळ आहे."

त्या दिवशी शनिवार होता. बाई तडक झुडपांच्या पट्ट्याकडे निघाल्या. तिथं थोडे गवती उंदीर असतातच, आणि तिथल्या सापळ्यांना पाणी कधी लागलं नव्हतं. यजमान फाटकावरून परत फिरलेच नाहीत, पोतं खांद्यावर टाकून, कुरकुरत, "मला तर नुसतं वेळ सांगण्यापुरतं ठेवलं होतंस ना?" असं म्हणत मागोमाग चढले. रविवारी दिवस मावळायच्या आत ते न धुतलेले पन्नास सापळे गवतात लागले. गोळी, कापूस, दाराची ओढ, एकेक गोष्ट बाईंनी दोनदा तपासली. हात मात्र त्या दिवशी त्यांनी साबणानं धुतले नाहीत. त्यांच्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल, तुम्हीच विचार करा.

सोमवारी उजाडता उजाडता साहेब स्वतः आले, पायात शहरी बूट घालून, आणि पाचच मिनिटांत गुडघ्यापर्यंत दवानं भिजले. मॅडमही आल्या. यंत्र रस्त्याच्या कडेला येऊन उभं होतं; चालक बाहेर येऊन बिडी ओढत होता. पहिल्या खुंटीशी दार उघडंच. दुसऱ्या खुंटीशीही. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. बाईंनी कुणाकडेच पाहिलं नाही. तिसऱ्या खुंटीशी त्या वाकल्या, सापळा उचलला, आणि त्यांच्या तोंडून नुसतं "आहे" एवढंच आलं.

चौथा होता. पाचवा होता. सहाव्यात चिचुंद्री, तिनं सगळ्यांना शिव्या दिल्यासारखी चिरचिर केली. बाई सांगत होत्या, मॅडम वहीत लिहीत होत्या. तोलणं, खूण, सोडणं, पुढची खुंटी. दहाव्यानंतर साहेबांनी घड्याळाकडे बघणं सोडलं. विसाव्यानंतर ते स्वतः पुढं जाऊन दारं पडलीत का ते बघायला लागले आणि पोरासारखे ओरडायला लागले, "मावशी, इथं पण!" पन्नासावी खुंटी झाली तेव्हा मॅडमनी बेरीज केली. एका पहाटेचे चौतीस.

साहेब रस्त्याकडे निघाले आणि त्यांनी यंत्राच्या चालकाला दुरूनच दोन्ही हातांनी खूण केली, परत फिर म्हणून. मॅडम वही धरून तशाच उभ्या होत्या. "मावशी," त्या म्हणाल्या, "लेखाचं मी बघते. चूक झाली म्हणून छापते. नळाचं, साबणाचं, सगळं. आणि ती चूक तुम्हीच शोधलीत हेही लिहिते."

"चूक कुणाची ते आधी लिहा," मोजणीबाई म्हणाल्या.

शेवटची पिशवी त्यांच्या हातात होती. इतका वेळ कोरडे राहिलेले डोळे आता भरून वाहायला लागले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. पन्नासाव्या खुंटीशी त्या गवतात गुडघे टेकून बसल्या आणि पिशवीचं तोंड अलगद उघडलं. एक इवलीशी उंदरीण बाहेर आली, कापलेल्या केसांची ती खूण घेऊन क्षणभर तिथंच थांबली, नाक हलवत.

"चार वर्षं इथंच होतात ना गं तुम्ही सगळी?" बाई तिला म्हणाल्या. "आणि मी मेली रोज सकाळी येऊन लिहून जात होते, कुणी नाही म्हणून."